शेजारचं मोकळं आकाश

आमच्या घाटकोपरच्या घरात त्या काळी दर रविवारी एक प्रश्न विचारला जाई आणि मला त्याचं उत्तर कधीच धड देता येत नसे. "काय डॉक्टरीणबाई, किती राहिलं?" विचारणारे गृहस्थ बोरिवलीहून येत, म्हणून आम्ही मायलेकी आपसांत त्यांना 'बोरिवली'च म्हणायचो. ताईच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ते वरच्या जागेवर होते. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. त्यांना ताईशी लग्न करायचं होतं, आणि ताईनं त्यांना सांगून ठेवलं होतं की धाकटीचं शिक्षण पुरं होऊ दे, मग बघू. धाकटी म्हणजे मी. दोन भल्या माणसांचं लग्न माझ्या प्रबंधावर अडलं होतं आणि माझा प्रबंध एका ताऱ्यावर अडला होता. त्या ताऱ्याला ह्याची काही कल्पना नव्हती.

घर म्हणजे टेकडीच्या अंगाला असलेल्या चाळीतल्या दोन खोल्या. वडील गिरणीत होते. संपाच्या आधीच गेले, तेवढं तरी बघावं लागलं नाही, असं आई म्हणायची. ताई मॅट्रिक झाली आणि नोकरीला लागली. तिच्या पगारावर घर चाललं आणि मी शिकत राहिले. शिकत राहिले म्हणजे किती, तर माझ्या बरोबरीच्या मुलींची मुलं शाळेत जायला लागली तरी मी आपली शिकतेच आहे. चाळीत एक वाक्य ठरून गेलं होतं, थोरली साधी आणि धाकटी हुशार. माझ्या हुशारीचं माप नेहमी ताईला शून्य धरूनच घेतलं जाई. मॅट्रिकला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, पण ते कोण बघायला जातो?

टेकडीपलीकडे, चांदिवलीच्या बाजूला, खडीच्या खाणी होत्या. दुपारी सुरुंग उडाले की फडताळातल्या कपबश्या किणकिणत आणि थोड्या वेळानं सगळ्या वस्तूंवर पिठासारखा करडा थर बसे. आई सकाळी पुसे, दुपारी पुसे, दिवेलागणीला पुन्हा पुसे. पुसून झाल्यावर फळीवरून बोट फिरवून बघायची तिची सवय आम्हां दोघींनाही लागली होती. अशा घरातली मुलगी रोज संशोधन संस्थेत जाऊन आकाशातल्या धुळीवर काम करते, हे आईला कधी पटलं नाही. "घरातली धूळ पुसूक नको हिका, आणि आभाळातली मोजूक जाता," असं ती शेजारणीला सांगायची. सांगताना आवाजात थोडा तोराही असायचा, ते वेगळं.

एकदा तिनं मला पकडलंच. "तुझो तो तारो माका दाखव गो एकदा."

"तो दिसत नाही गं आई. त्याच्याभोवती धुळीचा एवढा दाट ढग आहे की उजेड बाहेरच येत नाही."

"मगे तो थंय असा ह्या तुका कोणी सांगल्यान?"

मी तिला सांगितलं की हे तारे सूर्यापेक्षा कितीतरी वजनदार असतात, पण वयानं अगदी कोवळे, ज्या धुळीतून जन्मले तीच अजून अंगावर पांघरून बसलेले. चुलीत राखेखाली निखारा असला की तो दिसत नाही, पण वर हात धरला की ऊब लागते. तसंच हे. तारा धुळीला तापवतो आणि आम्ही त्या धुळीची ऊब मोजतो. "असा सांग ना मगे," म्हणून आई उठून गेली. तिला कळलं. मला स्वतःला पुरतं कळलं होतं का, तर देव जाणे.

ही ऊब म्हणजे अवरक्त किरण. आम्हांला हवे होते ते जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, हवेतली वाफ त्यांना वाटेतच गिळते. म्हणून आमची दुर्बीण एका अवाढव्य फुग्याला बांधून उंच सोडत. ते काम हिवाळ्यात, दूर दख्खनच्या पठारावर चाले. माझं खरं काम उरलेलं वर्षभर इथंच. दुर्बिणीनं जे टिपलं ते कागदाच्या लांबच लांब गुंडाळ्यांवर पेनाच्या रेघेनं उमटलेलं असे, आणि त्या रेघेचे चढउतार मोजत बसायचे. काही गुंडाळ्या मी घरी आणायची. बाहेरच्या खोलीत उलगडायला लागलं की शेवट मोरीपाशी व्हायचा, आणि आईला गॅसपाशी जायला उडी मारावी लागायची. ती उडी मारताना जे बोलायची ते इथं लिहीत नाही.

आता मोजायची रीत सांगते, कारण सगळा घोळ तिथंच होता. दुर्बीण स्वतः गरम, भोवतालची हवा गरम, आणि त्या गरमीत ताऱ्याच्या धुळीची ऊब म्हणजे दर्या में खसखस. म्हणून दुर्बिणीतला एक छोटा आरसा सारखा डोलता ठेवायचा. क्षणभर ताऱ्याकडे, क्षणभर शेजारच्या मोकळ्या आकाशाकडे, पुन्हा ताऱ्याकडे. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरेल ते ताऱ्याचं. आमचा वाणी हेच करायचा. आई तेलाचा डबा घेऊन गेली की तो दुसऱ्या पारड्यात तसलाच रिकामा डबा ठेवून धडा करायचा आणि मग तेल ओतायचा. डब्याला डबा फिटला, राहिलं ते तेल.

माझा तारा एकाच उड्डाणात दोनदा मोजला गेला होता, मध्ये काही तासांचं अंतर. दुसऱ्या वेळी तो पहिल्यापेक्षा बराच जास्त उजळ आला. आता तारा म्हणजे काही आमच्या चाळीतला दिवा नव्हे, की जरा वेळानं दाब वाढला आणि लख्ख पेटला. काही तासांत तो बदलायचा नाही. मग चूक आमची. पण कुठली? मी द्रवरूप हेलियमवर संशय घेतला, ज्यात आमचं संवेदनशील यंत्र गार करून ठेवत. मग आरशावर घेतला, मग रेघ काढणाऱ्या पेनावर, मग स्वतःच्या मोजपट्टीवर. एकदा तर नवी मोजपट्टी आणून सगळं पहिल्यापासून मोजलं. आकडे तेच. पहिलाही बरोबर आणि दुसराही बरोबर, आणि दोन्ही एकाच ताऱ्याचे. माझं डोकं फिरायची वेळ आली.

सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, स्वभावानं गरीब पण घाईचे होते. "अगं, सरासरी घे," ते म्हणाले. "चूक एवढी असू शकते म्हणून खाली लिही आणि पुढे हो. एका ताऱ्यासाठी किती दिवस बसणार?"

सरासरी घेतली असती तर गणपतीपर्यंत प्रबंध पुरा झाला असता आणि तुळशीचं लग्न लागल्यावर ताईचंही लागलं असतं. हे मला स्वच्छ दिसत होतं. वहीत दोन आकडे होते, त्यांची बेरीज करायची आणि दोनानं भागायचं. चौथीतल्या पोराचं काम. पण दोन आकड्यांमधली जागा ही काही ताऱ्याची जागा नव्हती. तिथं तारा कधीच नव्हता, ना पहिल्या वेळी ना दुसऱ्या. मी पेन्सिल उचलायची आणि ठेवायची.

अशात रविवार उजाडायचा. बोरिवली खारी बिस्किटांचा पुडा घेऊन हजर. बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीवर अंग चोरून बसायचे, आईची चौकशी करायचे आणि मग हसून मला विचारायचे, "किती राहिलं?" माणूस इतका सरळ की रागही धड येईना. मी म्हणायची, "थोडंच." ताई आत चहा करत असायची, तिची पाठ दिसायची फक्त. हे ऐकून ती वळावी, काहीतरी बोलावं, निदान कप जरा जोरात ठेवावा, असं मला वाटायचं. ती चहा गाळत राहायची. तिच्या मनात काय आहे हे मला कळेना, आणि जे कळत नाही त्यावर मी चिडते. "तू एवढी शांत कशी गं?" मी एकदा विचारलं. "मग काय, नाचू?" ती म्हणाली.

चूक सापडली ती एका शनिवारी दुपारी. घरी गुंडाळी पसरून बसले होते आणि चित्रं गिरवण्याचा पारदर्शक कागद हाताशी होता. त्यावर ताऱ्याचं ठिकाण मांडलं आणि आरसा डोलताना शेजारी कुठं बघत असेल ते टिंबानं दाखवलं. मग पहिल्या वेळची आणि दुसऱ्या वेळची स्थिती जुळवायला कागद फिरवला, कारण मधल्या तासांत आकाश फिरलेलं असतं. टिंब सरकलं. म्हणजे तारा तोच, पण दोन्ही वेळचं शेजारचं आकाश एक नव्हतं. पहिल्या वेळी आरसा एका बाजूला बघत होता, दुसऱ्या वेळी दुसऱ्या. हे तर आम्हांला माहीत होतं. पण दोन्हीकडे मोकळंच आहे, मग काय फरक पडतो, असं आम्ही धरून चाललो होतो.

मोकळं आहे हे ठरवलं होतं कशावरून? एका जुन्या फोटोवरून. साध्या उजेडात काढलेला तो फोटो मी पुन्हा समोर घेतला. पहिल्या वेळी आरसा जिथं बघत होता तिथं फोटोत एकही तारा नव्हता. काळंकुट्ट. चांगली मोकळी जागा आहे म्हणून आम्ही खूश होऊन ती निवडली होती.

मी कपाळावर हात मारून घेतला. आम्ही तरी किती शहाणे! रोज लोकांना सांगतो की धूळ ताऱ्यांना झाकते, जिथं काही दिसत नाही तिथंच खरं काही असतं, आणि स्वतः मात्र काही दिसत नाही म्हणून तिथं काही नाही असं मानून बसलो. ते काळं म्हणजे धुळीचा दाट ढगच होता, आणि तो आतून तापलेला होता. वाण्याचा धड्याचा डबा रिकामा नव्हता. जेवढी ऊब त्यात होती तेवढी आम्ही माझ्या ताऱ्यातून फुकट वजा करत होतो.

आनंद झाला का? झाला, अर्धा कप चहा संपेपर्यंत. मग लक्षात आलं की वाण्याचा डबा रिकामा नाही एवढं कळून भागत नाही, त्यात किती होतं ते कळायला हवं. म्हणजे त्या काळ्या जागेकडे दुर्बीण रोखून ती वेगळी मोजायला हवी. म्हणजे नवीन उड्डाण. म्हणजे पुढचा हिवाळा, तोही फुगा नीट वर गेला तर. आदल्या वर्षी एक वाटेतच फाटला होता. सोमवारी मी सरांपुढे सगळं मांडलं. ते त्या फोटोवर वाकले आणि म्हणाले, "वाट लागली." सरांच्या तोंडून असा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. पुन्हा उडवू."

आता हे ताईला सांगायचं होतं. संस्थेतून घरी येईपर्यंत मी वाक्यं जुळवत होते आणि एकही जुळत नव्हतं. ती गच्चीवरून वाळलेले कपडे आणायला गेली होती, तिथंच मी तिला गाठलं. म्हटलं, "ताई, एक सांगायचंय. चिडू नकोस. माझं एवढ्यात होत नाही. आणखी एक वर्ष लागेल. दोनही लागतील."

ती हातातल्या चादरीची घडी घालत होती. घडी तशीच धरून तिनं मला विचारलं, "नक्की? दोन वर्षं?"

"नक्की काहीच नाही. पण हो, दोन धर."

तिनं श्वास सोडला. तो सुस्कारा नव्हता. दवाखान्यातल्या तपासणीत काही निघालं नाही असं ऐकल्यावर माणूस सोडतो तसा होता. "बरं," ती म्हणाली, आणि खाली जाऊन तिनं सगळ्यांसाठी शिरा केला. काजू घालून.

मी चक्रावून गेले. माझ्या तोंडात शिऱ्याचा घास फिरत होता आणि मी तिच्याकडे टक लावून बघत होते. मी हिचं आयुष्य अडवून बसले आहे, असं इतके दिवस मला वाटत आलं होतं. त्याचं ओझं होतं माझ्यावर, आणि खरं सांगायचं तर थोडा मोठेपणाही होता त्यात. आणि ही शिरा करते! तिला बोरिवली आवडत नाहीत का? मग तसं सांगून मोकळी का होत नाही? आवडत असतील तर हा आनंद कसला? आईला विचारलं तर तिनं मलाच झापलं. "तुका ताऱ्यातला कळता ना? मगे तुझ्या बहिणीतला तूच बघ."

रविवारी ताईनंच बोरिवलींना सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "असू दे," ते म्हणाले. "तारा काय कुठं पळून जात नाही." पुढच्या रविवारी ते खारी बिस्किटं घेऊन आले, पण त्यांनी मला काही विचारलं नाही. विचारत होते तेव्हा मला तिडीक यायची. आता विचारेनासे झाले तर मला करमेना.

पुढच्या हिवाळ्यात फुगा वर जाताच फाटला. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात नीट गेला. त्या काळ्या जागेत, आम्ही मोकळं आकाश म्हणून वापरत होतो तिथं, आणखी एक तसलाच कोवळा, भारी तारा धुळीत बसलेला निघाला. तो वजा करणं थांबवलं तेव्हा माझा तारा आधीच्या दोन्ही आकड्यांपेक्षा जास्त उजळ ठरला, कारण दुसऱ्या वेळीही त्या ढगाची किनार आम्ही थोडीशी वजा केलेलीच होती. सरासरी घेतली असती तर काय झालं असतं, हा विचार अजूनही मधूनच मला दचकवतो.

प्रबंध दिला, तोंडी परीक्षा झाली. त्यानंतरच्या रविवारी बोरिवली बिस्किटांऐवजी पेढे घेऊन आले. आईनं देवापुढे ठेवले, मग आम्हां सगळ्यांच्या हातावर दिले. ताई आतून पदराला हात पुसत आली, तिनं पेढा घेतला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मग आता पुढे काय शिकतेस?"

बोरिवली खाली बघत होते. माझा मात्र संताप झाला. "काही नाही," मी ओरडलेच. "संपलं! ह्याच्या पुढे शिकायचं काही नसतं. तुला नको असेल तर नको म्हण, पण माझ्या आड लपू नकोस."

ताई भिंतीला टेकून उभी राहिली. "मला भीती वाटते गं," ती म्हणाली. हे तिनं माझ्याकडे बघून म्हटलं, पण मला वाटतं ते त्यांच्यासाठी होतं. "तू शिकत होतीस तोवर सकाळी कशासाठी उठायचं ते मला ठाऊक होतं. दुसरं मी काही केलेलंच नाही. आणि ह्यांच्या घरी आधीच एक संसार होऊन गेलाय. तिथं सगळं ठरलेलं असेल, भरलेलं असेल. मी जाऊन कुठं उभी राहू?"

इतकी वर्षं हे भय माझ्याच गुंडाळ्यांच्या पलीकडे चहा गाळत उभं होतं आणि मला दिसलं नव्हतं. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

बोरिवलींनी घसा खाकरला. "घर बघितलेलं नाही तुम्ही," ते ताईला म्हणाले. "मी कधी या म्हटलं नाही, तुम्हांला भरीस घातल्यासारखं झालं असतं. एकदा बघून जा. नको वाटलं तर नको म्हणा."

तेव्हाच्या तेव्हा निघालो, आईसुद्धा. नाहीतर ताईनं बेत बदलला असता. तळमजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. समोरचा रस्ता खणून ठेवलेला, त्यामुळे खिडकीच्या गजांवर, रेडिओवर, पहिल्या बायकोच्या तसबिरीच्या चौकटीवर, एकट्या पुरुषाच्या घरात असते तेवढी धूळ. आईनं नाक मुरडलं नाही, हेच नवल. ताई सगळीकडून हळूहळू फिरली, कशाला हात न लावता. स्वयंपाकघरात भिंतीला चार फळ्या होत्या. तीन डब्यांनी भरलेल्या. चौथी, अगदी हाताच्या उंचीवरची, पूर्ण रिकामी.

ताईनं तिच्यावरून बोट फिरवलं आणि बघितलं. मी, आई, दोघी तिच्या बोटाकडेच बघत होतो. बोट स्वच्छ होतं.

"ही रोज पुसता?" तिनं विचारलं.

"हो."

"रिकामी आहे ना ही?"

"तुम्ही कधी याल ते माहीत नव्हतं," ते म्हणाले.

ताईनं काखेतली पर्स काढून त्या फळीवर ठेवली, पदर खोचला आणि चहाचं भांडं कुठं असतं ते त्यांना विचारलं.